पहिली नजर काचेवर

कार्थेजच्या काचेच्या दाढीवाल्या बाबाला, म्हणजे गळ्यात घालायच्या एका प्राचीन पेंडंटमधल्या चेहऱ्याला, पहिल्यांदा बघितलं की आधी हसूच येतं. बारक्या जिलब्या ओळीने चिकटवाव्यात तशी दाढी, डोक्यावर तसेच गोल गोल केस, नाक फताडं, आणि डोळे म्हणजे काय सांगू, चेहऱ्यातून उडी मारून बाहेर यायच्या तयारीत असल्यासारखे बटबटीत, पांढऱ्या ठिपक्यावर गडद निळा ठिपका. कुणाचा चेहरा पांढरा, कुणाचा पिवळा, कुणाचा पार निळाकाळा. डोक्यावर काचेचंच एक कडं, म्हणजे दोरा ओवायची सोय. बहुतेक बाबा अंगठ्याच्या पेराएवढे, फारच मोठा असला तर बोटाएवढा. म्युझियमच्या वेबसाईटवर फोटो झूम करून बघत बसायची मला खोड आहे आणि हे बाबा लोक म्हणजे त्या खोडीचं मोठं कारण, कारण कितीही झूम करा, ते आपल्याकडेच बघत असतात.

हे पेंडंट फिनिशियन लोकांचे, म्हणजे लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या जुन्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांचे, आणि त्यांच्याच कार्थेजकर भाऊबंदांचे, साधारण इसवी सनापूर्वी 7व्या शतकाच्या शेवटापासून ते 3ऱ्या शतकापर्यंतचे. आजच्या ट्युनिशियातलं कार्थेज, सार्डिनियातलं थारोस, स्पेनचं इबिझा बेट (हो, तेच पार्टीवालं), सायप्रस, लेबनॉन-सीरियाचा किनारा, एवढंच काय काळ्या समुद्रापर्यंत हे बाबा पोचलेत. जिथे फिनिशियनांची जहाजं गेली तिथे हे गेले आणि जिथे ती गेली नाहीत तिथेही कुणाच्या तरी गळ्यात बसून गेले. सुरुवातीचे चेहरे राक्षसी मुखवट्यासारखे, नंतर हळूहळू दाढीवाले पुरुष, काही बायकांचे चेहरे, काही चक्क मेंढ्याचं डोकं.

मग हा बाबा कोण, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. कुणी म्हणतं कार्थेजचा बाल हम्मोन देव, कुणी म्हणतं फिनिशियनांचा मेलकार्त देव, कुणी म्हणतं हा देव वगैरे कुणी नाही, भुताखेताला घाबरवणारं थोबाड आहे. मला विचाराल तर हा प्रश्नच जरा चुकीच्या टोकाने धरलेला आहे. ज्याने तो घडवला त्याने नाक उरकून टाकलंय, तोंड म्हणजे नुसती एक चीर, कान असले तर असले, पण डोळ्यांवर मात्र मन लावून काम केलंय. नाव काहीही असो, त्याची ड्युटी बघण्याची आहे. आणि त्याहून जास्त, स्वतःकडे बघायला लावण्याची. म्हणजे लोकांनी पहिल्यांदा त्याच्याकडे बघावं यासाठी तो तिथे लटकलाय.

हे मी मनाचं सांगत नाहीये. प्लूटार्क नावाचा ग्रीक लेखक, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला, त्याने जेवणावळीतल्या गप्पांचं एक पुस्तक लिहिलंय आणि त्यात एकदा मेस्ट्रियस फ्लोरस नावाच्या यजमानाकडे नजर लागण्याचा विषय निघतो. काही पाहुणे हसतात, काय हा बायकी मूर्खपणा वगैरे, आणि मग चर्चा अशी काही रंगते की ज्याचं नाव ते. मांडणी अशी की प्रत्येक शरीरातून सतत सूक्ष्म कण बाहेर पडत असतात, वास, उष्णता, श्वास, आणि सगळ्यात जास्त डोळ्यांतून, कारण डोळा सगळ्यात चळवळा. मनात मत्सर असला की ते कण विषारी होतात आणि समोरच्यात जाऊन रुततात, लहान मुलं कोवळी म्हणून त्यांना आधी. मग ताईत काय करतो? ताईत विचित्र दिसतो. त्याच्या त्या विचित्र दिसण्याने नजर स्वतःकडे ओढली जाते आणि ज्याला लागायची त्याच्यावर तिचा तेवढा जोर राहत नाही. बस्स. यात देवाची कृपा नाही, मंत्र नाही. पहिली नजर सगळ्यात जालीम असते आणि ती काचेवर खर्च झाली की पोरगं वाचलं, इतका सरळ हिशोब आहे.

दाढीवाल्या बाबाचा बटबटीतपणा या हिशोबात एकदम फिट बसतो. कार्थेजकर काही प्लूटार्क वाचून पेंडंट बनवत नव्हते, तो त्यांच्यानंतर कित्येक शतकांनी जन्मला, पण त्याने जे लिहिलं ते त्याचं स्वतःचं डोकं नव्हतंच, लोक कधीपासून जे करत होते त्याला त्याने जेवता जेवता भौतिकशास्त्र चिकटवलं.

त्याच गप्पांत अजून एक गंमत आहे. काही बापांची नजर स्वतःच्याच मुलांना लागते म्हणून बायका अशा बापांना पोराकडे फार वेळ बघू देत नाहीत, असं एक जण सांगतो. हे वाचून मी खुर्चीत सरळ झाले, कारण आपल्याकडे तर आईचीच दृष्ट पहिली लागते म्हणतात, जेवताना लेकराकडे टक लावून बघू नये, झोपलेल्याचं कौतुक करू नये, सगळी ती यादी. आणि मग युटेलिडास नावाच्या देखण्या पोराची गोष्ट येते, त्याने पाण्यात स्वतःचं प्रतिबिंब बघितलं, स्वतःवरच खूश झाला, आणि स्वतःचीच नजर लागून आजारी पडला, रूप गेलं. सेल्फी काढणाऱ्यांनी नोंद घ्यावी. पण मुद्दा असा की नजर म्हणजे नेहमी दुष्ट शेजारणीचीच असते असं यांचं म्हणणं नव्हतं. कौतुकाने बघणाऱ्याचीही लागते, कदाचित त्याचीच जास्त लागते, आणि म्हणून घरातल्या घरातही पोराच्या गळ्यात काहीतरी हवं.

आता इथे एक मोठा फाटा फुटतो. नजरेपासून वाचवायचे दोन मार्ग आहेत. एक, सुंदर गोष्ट थोडी बिघडवायची. दोन, तिच्या शेजारी काहीतरी जास्त लक्ष वेधणारं ठेवायचं. पहिला मार्ग म्हणजे आपली तीट. आणि हा फक्त आपला नाही, याचा पुरावा चौथ्या शतकाच्या शेवटी अँटिऑकमध्ये (आता ते तुर्कस्तानात येतं) एक चिडलेले धर्मोपदेशक देतात. जॉन ख्रिसोस्टम. त्यांच्या प्रवचनात ते सांगतात की दाया आणि मोलकरणी बाळाला हमामात नेतात, बोटाने चिखल घेतात आणि बाळाच्या कपाळावर टिळा लावतात, आणि विचारलं हे काय तर म्हणतात, याने वाईट नजर परतते, मत्सर परततो. ख्रिसोस्टम भयंकर संतापलेत, की देवाने दिलेल्या कपाळावर चिखल कसा फासता, आणि चिखलात एवढी ताकद असेल तर स्वतःच्या कपाळाला का नाही लावत. पोरांच्या हातात बांधलेल्या घुंगरांवर आणि लाल दोऱ्यावरही ते तुटून पडतात. मला तर हा उतारा वाचताना ती दाईच जास्त दिसते, एका हातात ओलं, साबण नसलेलं बाळ, दुसऱ्या हाताचं बोट चिखलात, आणि मागे कुणीतरी विद्वान माणूस ओरडतोय. ती काही ऐकत नसणार.

काचेचा ताईत म्हणजे दुसरा मार्ग. तीट कुरूप करते, काच सजवते. श्रीमंत घरातल्या कार्थेजी बाईला पोराच्या तोंडाला चिखल फासण्यापेक्षा गळ्यात चकाकणारा रंगीत बाबा घालायला जास्त आवडलं असेल तर त्यात नवल काय. दागिना पण झाला आणि काम पण झालं.

बरं, पण काचच का? सोनं होतं, मौल्यवान खडे होते, इजिप्तहून होरस देवाचे निळे-हिरवे डोळे ढिगाने येत होते. (ते बहुतेक फायन्सचे, म्हणजे दळलेल्या गारेवर चकाकी चढवलेले, ती काच नव्हे, जरी दिसायला जवळची असली तरी.) उत्तर मला वाटतं बनवण्यातच आहे. मी एका वर्कशॉपमध्ये दिव्याच्या ज्योतीवर काचेचे मणी बनवायला शिकले, हौस म्हणून, आणि तिथे जे टेबलावर ठेवलं होतं ते बघून मजा वाटली. एक पातळ सळई, तिला मातीचा लेप देऊन वाळवलेली, म्हणजे काच सळईला चिकटून बसू नये. ज्योतीत काचेची कांडी धरायची, ती मऊ होऊन मधासारखी ओघळायला लागली की सळई फिरवत फिरवत तिच्यावर गुंडाळायची. हात थांबला की काच एका बाजूला लोंबते, त्यामुळे सळई सतत फिरतीच पाहिजे. कार्थेजच्या कारागिराची सळई धातूची होती आणि त्याच्यासमोर गॅसची ज्योत नव्हती, भट्टीचं तोंड होतं, पण लेप दिलेली सळई आणि तिच्यावर फिरणारी काच, हे तसंच. त्या बाबांना उलटं करून बघितलं तर आत पोकळी दिसते, सळई काढून घेतल्याची. काहींच्या पोकळीत तो लेप अजून चिकटलेला आहे.

आणि डोळा! डोळा करायचा म्हणजे पांढऱ्या काचेचा बारीक थेंब टेकवायचा आणि झटकन तोडायचा, मग त्यावर निळ्याचा त्याहून बारीक थेंब. आता जर मणी पुन्हा ज्योतीत नेला तर थेंब वितळून सपाट होतात, अंगात मुरतात, आणि गुळगुळीत डोळ्यांचा मणी तयार होतो. एकावर एक असे तीन-चार थर दिले की चकत्यांत चकती असा खोल डोळा होतो. पण जर डोळा बाहेर फुगलेला हवा असेल तर उष्णता अगदी बेताची पाहिजे, थेंब चिकटला पाहिजे पण वितळता कामा नये. कमी तापवलं तर गार झाल्यावर डोळा टपकन निखळून पडतो. म्हणजे त्या बाबाचे बटबटीत डोळे हा अडाणीपणा किंवा घाई नाही, ते तसे ठेवायला सपाट डोळ्यांपेक्षा जास्त हात लागतो. सपाट सोपं होतं. त्यांनी मुद्दाम फुगीर ठेवले, की लांबून दिसावेत, उन्हात चकाकावेत, पोरगं हललं की त्यांनीही हलावं.

शेवटी मणी लगेच उघड्यावर ठेवायचा नाही, हळूहळू गार करायचा, नाहीतर ताण राहतो आणि तासाभराने, कधी आठवड्याने, आपोआप तडकतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

काच म्हणजे वाळू, पण त्यावेळच्या लोकांना तिच्यात जे दिसायचं ते आपल्याला आता दिसत नाही, बाटल्या फेकून फेकून आपली नजर मेलीये. वाळू एकटी वितळवायची तर प्रचंड उष्णता लागते, म्हणून त्यात सोडा घालायचा. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात भूमध्य समुद्राच्या पट्ट्यात हा सोडा मुख्यतः नॅट्रॉन, इजिप्तमधल्या वादी नत्रुनच्या खारट तळ्यांमधून येणारा, तोच ज्याने ममी सुकवायचे. म्हणजे प्रेत टिकवायला जे मीठ, तेच पोराच्या गळ्यातल्या मण्यात. आणि वाळू बेलुस नदीच्या मुखाजवळची, अक्को शहरापाशी, तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, त्यातला चुना काचेला टिकाऊ करतो. प्लिनी नावाचा पहिल्या शतकातला रोमन लेखक सांगतो की नॅट्रॉनचे व्यापारी त्या किनाऱ्यावर उतरले, चुलीला दगड मिळेनात म्हणून नॅट्रॉनच्याच ढेकळांवर हंडा ठेवला आणि खालून काच वाहायला लागली. उघड्या चुलीवर हे होणं अवघड आहे, पण गोष्ट छान आहे आणि जागा बरोबर आहे.

त्याहून मला आवडतात त्या आजच्या इराकमधल्या निनेव्हेच्या मातीच्या पाट्या. अश्शूरच्या अशुरबनिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहातल्या, इसवी सनापूर्वी 7व्या शतकातल्या, काच बनवायच्या कृती. कृती सुरू होते ती मुहूर्तापासून. चांगला महिना, चांगला दिवस बघून भट्टीचा पाया घालायचा. मग भट्टीपाशी कूबू नावाच्या, अपुऱ्या दिवसांच्या गर्भासारख्या देवतांच्या मूर्ती बसवायच्या, मेंढा बळी द्यायचा, परक्या आणि अशुद्ध माणसाला आत येऊ द्यायचं नाही. मगच लाकडं, किती, कुठली, कधी तोडलेली, आणि मग माल. आता बघा, जी काच पुढे कुणाचं तरी पोर सांभाळणार आहे तिलाच जन्माच्या वेळी राखण लागते. बाहेरच्या माणसाने बघू नये म्हणून भट्टी झाकायची, हे तर कुठल्याही बाळंतिणीच्या खोलीसारखंच झालं.

आणि राखण नेहमी लागू पडतेच असं नाही. 1982 मध्ये तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर उलुबुरुनजवळ मेहमेत चाकिर नावाच्या स्पंज काढणाऱ्या पाणबुड्याने समुद्राच्या तळाशी कान असलेली धातूची बिस्किटं बघितली. ती तांब्याच्या लगडी निघाल्या आणि खाली इसवी सनापूर्वी 14व्या शतकाच्या शेवटचं अख्खं जहाज. 1984 ते 1994 त्याचं उत्खनन चाललं. त्यात काचेच्या जाड चकत्या साधारण 175, गर्द कोबाल्ट निळ्या, फिरोजी, काही जांभळ्या, कच्चा माल, वितळवून मणी करायला निघालेला. आणि त्याच जहाजात एका देवीची छोटी कांस्यमूर्ती, डोकं आणि हात-पाय सोन्याच्या पत्र्याने मढवलेले, अभ्यासकांच्या मते ती बहुधा जहाजाची राखणदार. ती पण बुडाली, सगळ्यांबरोबर.

इथे मला एक गोष्ट सतत टोचत राहते. म्युझियममधले बहुतेक ताईत कुठून आले? थडग्यांतून. कार्थेजची दफनभूमी फादर देलात्र नावाच्या मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खणली आणि ताईत, मणी, मुखवटे पोत्याने निघाले. कार्थेजच्याच ‘तोफेत’ नावाच्या दफनस्थळात, जिथे अर्भकांच्या जळालेल्या अस्थी कलशात भरून पुरल्या आहेत, तिथेही काही कलशांत मणी आणि ताईत आहेत. (ती मुलं बळी दिली होती की आजाराने गेली, यावर अभ्यासकांचं भांडण अजून मिटलेलं नाही आणि मी त्यात पडत नाही.) रोमन काळातल्या लहान मुलांच्या थडग्यांत काचेचे मणी, घंटी, भोक पाडलेलं नाणं, अंबर, सगळं एका दोऱ्यात ओवलेलं सापडतं. रोमन जगात अंदाजे चारातलं एक मूल पहिलं वर्ष पुरं करत नसे. म्हणजे म्युझियमच्या काचेमागे आपण जे बघतो ते बरेचदा न चाललेले ताईत आहेत. ज्यांच्या गळ्यातले चालले, ती पोरं मोठी झाली, दोरा तुटला, बाबा अंगणात हरवला, धाकट्याला दिला, त्याच्याकडून फुटला. चाललेल्या ताईताचा पुरावा मागे राहायचं काही कारणच नाही.

मग लोक बांधत का राहिले, चारातलं एक जात असताना? कारण हातावर हात ठेवून बसवत नाही. पेरिक्लीसची गोष्ट बघा. अथेन्सचा सगळ्यात मोठा पुढारी, अनॅक्सागोरस या तत्त्वज्ञाचा शिष्य, ग्रहणाला घाबरलेल्या नावाड्याच्या डोळ्यांपुढे स्वतःचा झगा धरून, झगा भीतिदायक नाही तर ग्रहण का असावं, असं विचारणारा माणूस. इसवी सनापूर्वी 429 मध्ये अथेन्सच्या साथीत तो अंथरुणाला खिळला. मित्र भेटायला आला तेव्हा त्याने स्वतःच्या गळ्यातला ताईत दाखवला, घरातल्या बायकांनी बांधलेला. थिओफ्रास्टस नावाच्या तत्त्वज्ञाने हे नोंदवलंय आणि प्लूटार्कने सांगितलंय, अशा अर्थाने की बघ, असला वेडेपणाही सहन करतोय म्हणजे माझी अवस्था किती वाईट असेल. मला मात्र यात दुसरंच दिसतं. त्याने तो काढला नाही. साथीत त्याने दोन मुलं गमावली होती, बहीण गमावली होती, घरातल्या बायकांनी पण तेच सगळं बघितलं होतं, त्या आल्या, गळ्यात दोरा बांधला, आणि अख्ख्या अथेन्सला गप्प करणारा माणूस गप्प बसला. ताईत कधी स्वतःचा स्वतः बांधायचा नसतो बहुतेक, तो कुणीतरी बांधतं, आणि ज्याच्या गळ्यात असतो त्यापेक्षा बांधणाऱ्याला तो जास्त लागतो.

धर्म बदलला तरी हे सुटलं नाही. चौथ्या-पाचव्या शतकात सीरिया-पॅलेस्टाइनच्या भागात काचेचे छोटे गोल पेंडंट निघायला लागले, बटणाएवढे, पिवळे, तपकिरी, हिरवट, कधी निळे. बनवायला एकदम सोपे, काचेचा थेंब टाकायचा, थोडी काच ओढून वर कडं करायचं आणि गरम असतानाच शिक्का दाबायचा. शिक्के बघाल तर कुठे सिंह आणि वर चंद्र-तारा, कुठे केसांच्या जागी साप असलेल्या मेदुसाचं डोकं, कुठे ज्यूंचा सात फांद्यांचा दिवा, कुठे क्रॉस, कुठे खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ. काच तीच, माप तेच, कडं तसंच. मला तर वाटतं एकाच बाजारात एकाच टोपलीत ठेवलेले असणार, तुम्हाला कुठला पाहिजे ताई, हा घ्या. चौथ्याच शतकात लाओदिकियाच्या ख्रिस्ती धर्मसभेने पाद्र्यांनी ताईत बनवू नयेत असा नियम केला, आणि असा नियम करावा लागतो याचाच अर्थ पाद्री ताईत बनवत होते.

आपला या सगळ्याशी संबंध आहे का, तर आहे, आणि तो नुसता "आमच्याकडेही असंच असतं" एवढा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं एका ग्रीक व्यापाऱ्याचं समुद्रप्रवासाचं टिपण आहे, पेरिप्लस, त्यात बॅरिगाझा म्हणजे भडोच बंदरात पश्चिमेकडून काय काय उतरायचं त्याची यादी दिलीये, आणि त्या यादीत कच्ची काच आहे आणि पोवळं आहे. त्याच टिपणात तगर म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर येतं, तिथून माल गाड्या भरून भडोचला जायचा. तेरच्या लामतुरे संग्रहालयात काचेचे मणी ठेवलेत, जाऊन बघण्यासारखे आहेत. काच कच्ची आली, म्हणजे तिचा काय अर्थ लावायचा, ती कुणाच्या गळ्यात घालायची, हे आपल्या कारागिरांनी ठरवलं. पोवळ्याचं मात्र वेगळं. ते भूमध्य समुद्रातलं, आणि प्लिनी चक्क लिहितो की आपल्याकडे हिंदुस्थानच्या मोत्यांना जी किंमत, ती हिंदुस्थानात आपल्या पोवळ्याला, तिथले ज्योतिषी म्हणतात याने संकट टळतं. आणि त्याच्याच लोकांत बाळाच्या गळ्यात पोवळ्याची फांदी बांधायचे, राखणीसाठी. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन आई आणि इथली आई एकाच समुद्रातल्या लाल तुकड्यावर विसंबून होत्या. आज मंगळासाठी पोवळं घालणाऱ्या काकांना हे सांगून बघा, ते म्हणतात "म्हणूनच चालतं".

आणि आता तर भूमध्य समुद्र थेट आपल्या मनगटावर आलाय. निळा-पांढरा डोळा, "इव्हिल आय", लिंकिंग रोडपासून एफसी रोडपर्यंत कुठेही लटकलेला, ब्रेसलेट, अँकलेट, मोबाईलचं कव्हर, आणि हो, मंगळसूत्र पण, काळ्या मण्यांच्या सरीत मधोमध वाटीच्या जागी निळा डोळा. 2018 पासून तर तो इमोजी पण आहे, फोटोखाली टाकला की काम झालं, तडतडत्या मिरच्यांचा धूर नको की मीठ-मोहरी नको. निळाच का, म्हणून लोक छातीठोकपणे सांगतात की निळ्या डोळ्यांच्या परदेशी माणसांची भीती होती म्हणून. मला ते फारसं पटत नाही, कारण जुन्या डोळ्यांच्या मण्यांत पिवळ्या अंगावर, हिरव्या अंगावर, पांढऱ्यावर डोळे काढलेले कितीतरी आहेत, आणि दाढीवाल्या बाबाच्या डोळ्याला रंगापेक्षा आकाराची फिकीर होती. सगळं निळंच असलं पाहिजे ही सवय पुष्कळ नंतरची.

हा डोळा अजून हाताने बनवणारी गावं तुर्कस्तानात इझमीरजवळ आहेत, गोरेजे आणि कुरुदेरे, त्यातल्या कुरुदेरेने तर आपलं नावच बदलून नझरकोय करून घेतलंय. पाइनच्या लाकडांवर पेटलेली ठेंगणी भट्टी, भोवती चार तोंडं, प्रत्येक तोंडाशी एक कारागीर, हातात लोखंडी सळई. निळा गोळा, चपटा केला, पांढरा थेंब, फिकट निळा थेंब, काळा थेंब, झाला. तिथे मानतात की मणी आपोआप तडकला तर त्याने तुमची नजर स्वतःवर घेतली, आता नवीन घ्या. मघाशी ते हळूहळू गार करायचं सांगितलं होतं ना, नीट गार न केलेली काच कधीही तडकते. आता ही काचेची चूक की काचेची कामगिरी, हे तुम्ही कुठल्या बाजूने बघता त्यावर आहे, पण तिथल्या दुकानदाराकडे कुणी फुटका मणी घेऊन भांडायला येत नाही हे नक्की.

माझ्या मावसबहिणीला मुलगी झाली तेव्हा तिच्या मैत्रिणीने इस्तंबूलहून असा डोळा आणला होता, सोन्याच्या पिनेत बसवलेला. बहिणीच्या सासूबाईंनी तो हातात घेऊन उलटसुलट करून बघितला.

"अगं पण आपले दृष्टमणी आहेत की मनगट्यांत. हे निळं कशाला अजून?"

"असू दे हो आई, गिफ्ट आहे. छान दिसतंय."

"छान दिसतंय म्हणूनच म्हणते. लोक बाळाकडे सोडून त्याच्याकडेच बघत बसतील."

मी तिथेच होते आणि मला प्लूटार्कपासून सुरू करायचं होतं, पण बाळाला भूक लागली होती त्यामुळे कुणी ऐकून घेतलं नसतं. शेवटी दोन्ही घातले. मग पोरगी हाताला येईल ते तोंडात घालायला लागल्यावर डॉक्टरांनी मणी, पिना सगळं काढायला सांगितलं, तर ते सगळं एका दोऱ्यात ओवून पाळण्याच्या वरच्या दांडीला बांधलं, तिचा हात पोचणार नाही अशा उंचीवर.